तात्या विंचूचा मंत्र ते महाडचा विंचू: पडद्यावर हसवणारी जादू घरात जीवघेणी कशी ठरते?

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला बाहुल्यांची भीती घातली ती तात्या विंचूने. १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला, त्याच वर्षी कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला. आज वीर स्टेशनावर उतरून महाड, पोलादपूरला जाणाऱ्या तरुणांच्या मोबाइलमध्ये या सिनेमाचे मीम्स अजून फिरतात. पण पोट धरून हसवणारी ही जादू आणि कायद्याने गुन्हा ठरवलेली जादू यात फरक काय? समजून घेऊया.

गोष्ट काय होती?

तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार. बाबा चमत्कारकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला पोहोचतो बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंकडे. तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकरांची, तर बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. कथेची मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या हॉलिवूडपटाशी मिळतीजुळती आहे.

इंग्लंडमध्येही तोच धागा

योगायोग म्हणजे १९८८ मध्येच इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांची 'सोर्सरी' ही विनोदी कादंबरी आली. 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतली ही पाचवी. यातलं जग सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका महाकाय कासवावर उभे आहेत. कूर्मावतार माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे फार परकं वाटणार नाही.

इथले जादूगार विद्यापीठात राहतात, भरपेट जेवतात आणि खुर्चीसाठी भांडतात. मग तिथे कॉइन नावाचा मुलगा येतो. तो आठव्या मुलाच्या आठव्या मुलाचा आठवा मुलगा, म्हणून अफाट जादूचा उगमच. त्याच्या हातातल्या काठीत मेलेल्या बापाचा आत्मा आहे आणि तोच पोराला नाचवतो. आळशी जादूगारांना आयती ताकद मिळते आणि ते एकमेकांवरच तुटून पडतात. जग बुडायची वेळ येते. शेवटी समोर उभा राहतो रिन्सविंड. याला एक मंत्र धड जमत नाही. त्याचं शस्त्र काय, तर मोज्यात घातलेली अर्धी वीट.

बाहुला असो की काठी, दोन्ही गोष्टींत मुद्दा एकच. मंत्रापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, हे जास्त धोक्याचं.

कायदा काय म्हणतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

कायद्याच्या अनुसूचीत १२ प्रकार दिले आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्कार दाखवून लुबाडणं, करणी केल्याचा ठपका ठेवून एखाद्याला छळणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्य. यातल्या नोंदी वाचल्या की लक्षात येतं, कायद्याचा रोख खऱ्या माणसाला होणारी इजा, फसवणूक आणि दहशत यांवर आहे. सिनेमाचं तिकीट काढणाऱ्याला समोरचं खोटं आहे हे माहीत असतं. भोंदूकडे जाणाऱ्याला ते माहीत नसतं.

आणि खरा विंचू?

याच यादीत विंचवाचा उल्लेख आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे.

महाड तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. विषामुळे शरीरातली संप्रेरकं बेफाम वाढतात आणि हृदयावर ताण येतो, हे त्यांनी रुग्णांशेजारी बसून नोंदवलं. रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' हे साधं औषध त्यांनी वापरून पाहिलं. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने विंचू 'उतरतो' कसा?

काळ्या विंचवाचा दंश बहुतेक वेळा फक्त वेदना देतो. काही तासांनी कळ आपोआप कमी होते आणि श्रेय मंत्राला जातं. पुढच्या वेळी विंचू लाल निघाला, तर उतरवणाऱ्याच्या अंगणात गेलेले ते दोन तास परत मिळत नाहीत.

दंश झाला तर काय कराल?

- रुग्णाला धीर द्या, चालायला किंवा पळायला लावू नका.
- जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका.
- दंशाची वेळ लक्षात ठेवा.
- घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर क्षणाचाही उशीर नको. १०८ वर फोन करा किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठा.
- पावसाळ्यात बूट, सरपण आणि अंथरूण झटकून घ्या.

तात्या विंचूवर मनसोक्त हसा. घरात खरा विंचू निघाला, तर मात्र आधी दवाखाना.