ट्रॅक्टरच्या टायरांतील पाण्याचा भार

ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती कितीही असली, तरी ती जमिनीस लागू पडते ती मागील चाकांच्या पकडीमुळे. ही पकड जमिनीच्या स्थितीवर व त्या चाकांवर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. वजन अपुरे पडले म्हणजे चाक घसरते. डिझेल जळते, टायर झिजतो, नांगर मात्र पुढे सरकत नाही. अमेरिकेत 1932 साली ॲलिस-चामर्स कंपनीने हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यापूर्वीच्या लोखंडी चाकांचे दाते मातीत रुतत. रबरी चाकास वजनाची जोड द्यावी लागली. बिडाची वजने चाकास जोडणे हा एक उपाय, टायरातच पाणी भरणे हा दुसरा व पुष्कळच स्वस्त उपाय होय.

पाणी भरताना चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणतात आणि त्याच्या पातळीपर्यंतच पाणी भरतात. यामुळे टायर सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. उरलेल्या जागेतील हवा अत्यावश्यक आहे, कारण पाणी दाबले जात नाही. धक्का सोसावयाचा तो हवेनेच. 13.6-28 मापाच्या टायरात साधारणपणे 200 लिटर पाणी मावते. म्हणजे दोन चाके मिळून सुमारे 400 किलो भार वाढतो, आणि तो बहुतेक खर्चावाचून!

भार हवा की नको, हे अंदाजाने ठरवू नये. टायरावर खडूची खूण करून नांगर उचललेल्या स्थितीत चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजावे. मग नांगर जमिनीत घालून तेच करावे. पहिले अंतर 40 मीटर व दुसरे 34 मीटर भरले, तर घसरण 15 टक्के झाली. नांगरटीत 10 ते 15 टक्के घसरण योग्य मानतात. त्याहून अधिक असल्यास भार वाढवावा. ती फारच कमी असेल, तर ट्रॅक्टर विनाकारण जड झाला आहे असे समजावे. हे दुसरे निदान सहसा कोणी करीत नाही.

थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. द्रावण पाण्याहून जड असल्याने भारही वाढतो. परंतु ते रिमला गंज चढविते. महाराष्ट्रात त्याचे काहीच प्रयोजन नाही. निफाडकडे एखाद्या पहाटे पारा शून्याजवळ आला, तरी टायरातील दोनशे लिटर पाणी तेवढ्याने गोठत नाही. उलट, अकोला-अमरावतीकडील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच क्षारयुक्त असते. तेथे ते टाळून गोडे पाणी वापरावे.

खरा विचार करावयाचा तो काळ्या जमिनीचा. फुगणाऱ्या चिकणमातीची ही जमीन ओली असता वजनाखाली दबते आणि फाळाच्या तळाखाली घट्ट थर तयार होतो. मग मुळे खाली जात नाहीत, पाणीही मुरत नाही. टायरातील हवेचा दाब कमी ठेवल्याने वरच्या थराचे पुष्कळ रक्षण होते. खोलवरचे दबणे मात्र मुख्यतः आसावरील एकूण वजनावर ठरते, आणि पाणी नेमके तेच वाढविते. उन्हाळ्यातील कोरड्या नांगरटीस हा भार उपकारक. तोच ट्रॅक्टर वाफसा येण्यापूर्वी पेरणीसाठी रानात घातला, की बचत झालेल्या डिझेलची किंमत जमीन फेडते.

बिडाची वजने यासाठीच सोयीची, की काम बदलताच ती उतरविता येतात. पाणी काढावयाचे तर चाक पुन्हा उचलून, व्हॉल्व्ह खाली आणून, त्याची आतील सुई काढून ते वाहू द्यावे लागते. त्यानंतर हवेचा दाब पुन्हा जुळवावा लागतो. हे काम किचकट वाटल्याने वर्षानुवर्षे पाणी तसेच राहते. नांगरट संपवून जो ट्रॅक्टर पावसाळ्यात कोळपणी-पेरणीस लावावयाचा, त्याचे पाणी मृगापूर्वीच काढलेले बरे.