कोंबड्यांची रक्ती हगवण

पावसाळा स्थिरावला, म्हणजे पेण आणि रोहें या बाजूस कोंबड्या पाळणाऱ्यांच्या घरीं एक ओळखीचें संकट डोकावूं लागतें. तीन-चार आठवड्यांचीं पिलें पंख सैल सोडून, डोळे मिटून कोपऱ्यांत उभीं राहतात, दाण्याला तोंड लावीत नाहींत, आणि त्यांच्या विष्ठेंत रक्त दिसूं लागतें. दोन-तीन दिवसांत अर्धाअधिक घोळका नाहींसा होऊं शकतो. कोणी म्हणतो हवा लागली, कोणी म्हणतो दृष्ट. अंड्यांच्या पैशांवर मीठ-मिरची चालविणाऱ्या बाईला मात्र तो थेट संसाराचा तोटा असतो.

या रोगाचें मूळ आयमेरिया नांवाच्या एकपेशीय परजीवींत आहे. १६७४ मध्यें लेव्हेनहूक या डच संशोधकानें आपल्या सूक्ष्मदर्शकांतून सशाच्या पित्तांत याच कुळांतील जीव पाहिले; परंतु कोंबडीच्या आंतड्यांतील निरनिराळ्या जाती नीट वेगळ्या करून दाखविल्या त्या टायझर या अमेरिकन शास्त्रज्ञानें, १९२९ मध्यें. त्यांपैकीं टेनेला ही जात आंधळ्या आंतड्याच्या दोन पिशव्यांत घर करते, आणि रक्त तेथूनच येतें.

आजारी पक्ष्याच्या विष्ठेबरोबर या परजीवीचीं कवचबंद बीजें बाहेर पडतात. आश्चर्य हें कीं, ताजें बीज निरुपद्रवी असतें. त्याला ऊब, ओल आणि हवा मिळाली, म्हणजे एक-दोन दिवसांत तें पक्व होतें व त्याच्या पोटांत आठ जीव तयार होतात. असें बीज पिलानें टिपलें, कीं तें कवच फुटतें; आंतील जीव आंतड्याच्या अस्तरांत शिरतात, तेथें वाढतात आणि पेशी फोडून बाहेर येतात. चौथ्या-पांचव्या दिवशीं रक्तस्राव होतो, आणि आठवड्याच्या आंत हजारों नवीं बीजें पुन्हां जमिनीवर येतात.

आतां कोंकणचा पावसाळा पाहावा. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रायगड जिल्ह्यांत वर्षाला सरासरीनें सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पावसाळ्यांतील उष्णता पंचवीस-तीस अंशांच्या आसपास राहते. बीज पिकविण्यास याहून सोयीची हवा शोधूनहि मिळणार नाहीं! शेडमध्यें जमिनीवर भाताचें तूस अंथरतात. जाळीतून झड आली, पाण्याचें भांडें सांडलें, कीं त्या तुसाच्या ओल्या पोळ्या बनतात, आणि पिलें दिवसभर तेंच उकरीत राहतात.

गांवठी कोंबडीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती अंगणांत, परसांत, बांधावर हिंडते. विष्ठा दूरवर विखुरते. पिलाच्या पोटांत थोडीं थोडीं बीजें जातात, आणि तेवढ्यानें त्याच्या अंगीं प्रतिकारशक्ति येते. म्हणजे सारा प्रश्न मात्रेचा आहे. तेंच पिलूं संततधारेंत आठ-आठ दिवस खुराड्यांत कोंडलें, म्हणजे बीजांची रास त्याच्या चोंचीपुढें असते. जी कोंबडी पिलांना उकरावयास शिकविते, ती स्वतः धडधाकट दिसूनहि कित्येकदां बीजें टाकीत असते. मात्र अंड्यांतून हा रोग उतरत नाहीं. एका शेडमधून दुसरीकडे तो जातो तो चपलांच्या तळव्यांना, खाद्याच्या भांड्यांना, गाडीच्या चाकांना लागून. माश्या आणि उंदीरहि त्यांत हातभार लावितात.

फिनेल शिंपडून निश्चिंत होणें व्यर्थ; बीजाचें कवच त्याला दाद देत नाहीं. अमोनिया, कडक ऊन आणि कोरडेपणा यांपुढें तें हरतें. म्हणून ओलें तूस रोज काढावें, उरलेलें हलवून कोरडें ठेवावें, पाण्याचें भांडें पिलांच्या पाठीच्या उंचीवर बसवावें. १९३९ मध्यें सल्फा औषधांचा या रोगावरील गुण दिसून आला. पुढें ॲम्प्रोलियम आलें. हें ब-१ जीवनसत्त्वासारखें भासून परजीवीला त्या जीवनसत्त्वावांचून उपाशी मारतें. तें पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच पाण्यांतून द्यावें.

मानमोडीशीं याची गल्लत होते, म्हणून मेलेलें पिलूं ताजें असतांनाच पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावें. मानमोडी विषाणूची, तिच्यावर हीं औषधें चालत नाहींत. पिलूं चिरून आंधळ्या आंतड्याच्या पिशव्या रक्तानें भरलेल्या आढळल्या, तर रोग बहुधा हाच. कोंबडीच्या आयमेरियाची बाधा माणसाला होत नाहीं; बदकालाहि होत नाहीं.