न्यायालयाच्या दारी सिंधुदुर्ग

- जनहित याचिका : राज्यघटनेच्या कलम 226 नुसार उच्च न्यायालयात. याचिकाकर्त्याचं स्वतःचं नुकसान झालेलं असण्याची अट नाही.
- राष्ट्रीय हरित लवाद : 2010 चा कायदा. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत 30 दिवस; सबळ कारण असल्यास आणखी 60.
- कांदळवन : ‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ची याचिका. निकाल 2018. राज्यभर तोडबंदी, भोवती 50 मीटरचा पट्टा. जमीन खासगी असली तरी.
- सावंतवाडी-दोडामार्ग : राधानगरी-भीमगड जंगलांना जोडणारा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग. ‘आवाज फाउंडेशन’ व ‘वनशक्ती’ची याचिका. मार्च 2024 : 25 गावं पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश.
- मालवण सागरी अभयारण्य : घोषणा 1987. क्षेत्र सुमारे 29 चौ.कि.मी. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि पाण्याखालचे खडक, खडकांवर प्रवाळ.