मोबाईल आणि इंग्रजी उच्चार

इंग्रजी वाचता येते, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते, ही आपल्यापैकी अनेकांची व्यथा. वर्गात हसे होईल ही भीती निराळीच! मोबाईल मात्र हसत नाही. पण त्याच्यावर फार विसंबूही नये. आपले वाक्य तो बिनचूक उतरवतो ते पुष्कळदा मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधून. उच्चार चुकला तरी ते कळत नाही. खरी अडचण आघाताची. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’मधल्या ‘रे’वर जोर दिला तर नाम, ‘कॉर्ड’वर दिला तर क्रियापद. मराठी कानाला ही सवय नाही. म्हणून शब्दकोशाच्या ॲपमधला उच्चार ऐकावा, लगेच आपला ध्वनिमुद्रित करावा आणि दोन्ही पाठोपाठ ऐकावेत. पहिल्या दिवशी स्वतःचाच आवाज परका वाटतो, इतकेच.