हजार मैफली आणि एक शून्य

आधी साधं गणित करू. आठ वर्षं म्हणजे लीप वर्षं धरून २,९२२ दिवस. १८३९ ते १८४७ या आठ वर्षांत पियानोवादक फ्रान्झ लिस्टने हजाराच्या वर मैफली केल्या, असं त्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक. लिस्बन, ग्लासगो, मॉस्को, इस्तंबूल असा पसारा, आणि रेल्वे युरोपात तेव्हा नुकती कुठे धावायला लागली होती. बहुतेक प्रवास घोडागाडीने, तोही खाचखळग्यांतून. आज दिमतीला विमानं असताना वर्षाला शंभर मैफली करणारा पियानोवादकही फार व्यग्र समजला जातो. लिस्टची सरासरी सव्वाशेची.

हा मुलगा हंगेरीतल्या एका जमीनदार घराण्याच्या कारभाऱ्याचा. जन्म १८११ चा. पहिलं जाहीर वादन नवव्या वर्षाच्या आसपास. व्हिएन्नात त्याला शिकवलं कार्ल चेर्नीने, तेही पैसे न घेता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. पंधरा वर्षांचा असताना वडील वारले आणि पॅरिसमध्ये शिकवण्या करून घर चालवायची वेळ आली. १८३२ मध्ये त्याने पागानिनीचं व्हायोलिन ऐकलं आणि वीस वर्षांचा हा पोरगा अक्षरशः झपाटला. रोज चार ते पाच तास नुसते पलटे घासतोय, असं त्याने एका मित्राला कळवलं. आपल्याकडे ज्याला रियाज म्हणतात तोच हा, फक्त दहा बोटांचा.

बर्लिनचे आकडे तर वेड लावणारे आहेत. १८४१ च्या डिसेंबरअखेर तो तिथे पोचला. दहा आठवड्यांत २१ मैफली झाल्या आणि त्यांत ८० वेगवेगळ्या रचना वाजल्या, त्यांपैकी ५० समोर कागद न ठेवता. तेव्हा अशी पाठांतराची रीत नव्हती. दुसऱ्याची रचना न बघता वाजवणं काहींना उद्धटपणाच वाटे. अख्खी संध्याकाळ एकट्याने रंगवायची, पियानो आडवा ठेवायचा म्हणजे श्रोत्यांना वादकाचा चेहरा एका बाजूने दिसेल, ही पद्धतही त्यानेच रुळवली. आधी एका मैफलीत चार-पाच कलाकार असत, गायक असे, वाद्यवृंद असे. ३ मार्च १८४२ ला तो बर्लिन सोडून निघाला तेव्हा त्याच्या गाडीला सहा पांढरे घोडे होते आणि मागे तीस गाड्यांची रांग. राजाची वरातसुद्धा याहून साधी निघत असेल. कवी हाइनेने या वेडाला ‘लिस्टोमेनिया’ असं नाव दिलं ते १८४४ मध्ये.

आता जरा पियानोच्या पोटात डोकावू. पट्टी दाबली की नमद्याची हातोडी उसळून तारेवर आदळते आणि मागे पडते. जुन्या पियानोत ती पूर्ण खाली आल्याशिवाय तोच स्वर पुन्हा वाजत नसे. पियानो बनवणाऱ्या सेबास्तियन एरारच्या एका युक्तीचं १८२१ मध्ये पेटंट निघालं: परतणारी हातोडी अर्ध्या वाटेवरच झेलून धरायची. पट्टी थोडीशी उचलली तरी पुढचा घाव तयार. एकाच स्वरावर बोटं बदलत पाऊस पाडायची जी लिस्टची खासियत, ती या काही इंचांच्या लाकडी लीलेवर उभी आहे. यंत्र तयार होतं, पण त्याच्याकडून किती काम करून घेता येतं हे दाखवणारा हात हवा होता. अर्थात तारा तुटायच्याच. आजच्या मोठ्या मैफली-पियानोत ८८ पट्ट्या, सव्वादोनशेच्या वर तारा आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात. चार-पाच हत्तींचं वजन एका ओतीव लोखंडी चौकटीने पेलायचं. लिस्टच्या तरुणपणी ही चौकट बरीचशी लाकडाची असे.

पैसा आला तसा गेलाही. १८३८ च्या पुरात पेश्त शहर बुडालं तेव्हा व्हिएन्नातल्या मैफलींतून त्याने २४,००० गुल्डन उभे केले. बॉनमध्ये बेटहोव्हेनचा पुतळा निधीअभावी अडला होता, तिथे त्याने खिशातून १०,००० फ्रँक घातले. पुतळा उभा राहिला १८४५ मध्ये.

आणि १८४७ च्या सप्टेंबरात, आज युक्रेनमध्ये असलेल्या येलिसाव्हेतग्राद नावाच्या गावी, त्याने तिकीट लावून शेवटची मैफल केली. वय पस्तीस! कीर्ती शिगेला, हात शाबूत. इथून आयुष्याची आणखी जवळजवळ ३९ वर्षं उरली होती. या काळात वाजवण्याचे किंवा शिकवण्याचे पैसे त्याने स्वतःसाठी घेतले नाहीत, असं ॲलन वॉकर यांच्या तीन खंडी चरित्रात आहे. शिष्य चारशेच्या वर, फी शून्य. चेर्नीचं ऋण असं व्याजासकट फेडलं. माझ्या लेखी त्या हजार मैफलींपेक्षा हे शून्य मोठं.

आणि आयुष्यभरात त्याने लिहिलं किती? लेस्ली हॉवर्ड या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पियानोवादकाने लिस्टचं पियानोसंगीत एकट्याने ध्वनिमुद्रित करायला घेतलं आणि मुख्य काम संपायला १९९९ साल उजाडलं. सगळ्याचा संच आज ९९ सीडींचा आहे, १२० तासांहून जास्त. न झोपता ऐकलं तरी पाच दिवस आणि पाच रात्री. लिस्टच्या हाताला हे लिहिताना कंटाळा कसा आला नाही, हे त्यालाच ठाऊक.

इतका वेळ कोणापाशीच नसतो. अर्धा तास असेल तर त्याचा बी मायनर सोनाटा ऐका. पाश्चात्त्य स्वरलेखनात उभ्या रेघा मारून कप्पे पाडतात, या सोनाटात असे ७६० कप्पे आहेत. मध्ये टाळ्यांना जागा कुठेच ठेवलेली नाही.