आगरदांड्याचे ३३, नागपूरचे ४४

मे महिन्याच्या भर दुपारी मुरूडजवळच्या आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या जंगरची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला विचारून पाहा, 'नागपूरपेक्षा इथे बरे, नाही का?' मोबाइलवर नागपूर ४४ अंश आणि मुरूड ३३ दाखवत असते. तो सदऱ्याने मान पुसत तुमच्याकडे असा काही बघेल, की उत्तराची गरज उरणार नाही. त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे.

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घातला, की पाणी उडते आणि पारा खाली येतो. शरीर घामाने जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याचा अंदाज या 'वेट बल्ब' तापमानावरून येतो. नागपूरच्या ४४ अंशांत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ते साधारण २३ भरते. आगरदांड्याच्या ३३ अंशांत आर्द्रता ७० टक्के असेल, तर २८ च्या वर. विदर्भात माठातले पाणी गारेगार होते आणि कोकणात नुसते कोमट राहते, त्यामागचे गणित हेच. घाम इथेही भरपूर येतो, पण तो उडत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंगातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र जागच्या जागी राहते.

म्हणून नागपूरची हवा सुखाची असे कोणी समजू नये. हवा अंगापेक्षा तापलेली असली की तीच अंगात उष्णता घालते, आणि शरीर किती कोरडे पडत चालले आहे हे उशिरा कळते. मारते दोन्हीकडे, रीत वेगळी.

माणूस वेट बल्बच्या ३५ अंशांपर्यंत तगू शकतो, असे कागदावर मानले जात होते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांना प्रत्यक्ष दमट खोलीत बसवून हलकी हालचाल करायला लावली, तेव्हा ३० ते ३१ अंशांतच शरीराचे तापमान हाताबाहेर जाऊ लागले. हे निष्कर्ष २०२२ चे. साठीतला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस त्याच्याही बराच आधी अडचणीत येणार. इथून आपल्या किनाऱ्याचे २८ फार दूर नाही.

रायगड जिल्ह्याला याचा पुरावा मिळाला तो १६ एप्रिल २०२३ रोजी. खारघरच्या उघड्या मैदानावर रेवदंड्याच्या आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा होता. रेवदंडा आगरदांड्याच्याच किनारपट्टीवरचे. राज्यभरातून त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, आले होते आणि दुपार होईपर्यंत उन्हात बसून राहिले. त्या उन्हाने १४ जणांचा जीव घेतला. नवी मुंबईतला पारा त्या दिवशी ३८ च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा सांगा, तो म्हणेल, हे काय ऊन झाले? हवामान खात्याच्या निकषात किनाऱ्यावर ३७ अंशांना आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वाढ झाल्यावर उष्णतेची लाट मानतात, मैदानी भागात ४० अंशांपुढे. म्हणजे किनारा वेगळा आहे हे कागदावर मान्य होते. सभेची वेळ ठरवताना तो कागद कोणी उघडला नसावा.

खारघरचे मृत्यू मोजता आले, कारण ते एका मैदानावर, एका दुपारी झाले. उष्णतेचे बहुतेक बळी असे सापडत नाहीत. दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. अंग तापले की रक्त कातडीकडे धावते, हृदयाला दुप्पट राबावे लागते. पाणी कमी झाल्याने रक्त दाटते, मूत्रपिंडे थकतात. रात्रही गरम असली तर विश्रांती नाही. पत्र्याच्या छपराखाली पहाटेपर्यंत उकडत राहते. आधीच दमलेले हृदय तिसऱ्या दिवशी थांबते. शिवाय भारतात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना डॉक्टरने लिहिलेले कारण होते. बाकीच्यांचे कारण घरच्यांच्या आठवणीत.

मग शास्त्रज्ञ उलटी वाट धरतात. मेलेल्याला कारण विचारत नाहीत, तर एरवी किती मेले असते ते मोजतात. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ पर्यंत गेला. त्या महिन्यात ४,४६२ मृत्यू झाले, एरवी ३,११८ अपेक्षित होते. वरचे १,३४४ उन्हाचे. मुंबई-पुण्यासह १० शहरांच्या २००८ ते २०१९ या काळातल्या नोंदींवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये आला. अति उष्ण असा एकच दिवस मृत्यू सुमारे १२ टक्क्यांनी वाढवतो, सलग पाच दिवस ३३ टक्क्यांनी. 'ते तसेही जाणारच होते' असे कोणी म्हणते, पण मरणारे सगळेच खाटेला खिळलेले नसतात. हातगाडी ओढणारे आणि बांधकामावर राबणारेही त्यांत असतात.

आता थंडीचे, आणि इथे वाचकाच्या भुवया उंचावतील. टोरांटोतील प्रभात झा यांच्या गटाने 'मिलियन डेथ स्टडी' या भारतातल्या मृत्यूंच्या अभ्यासातल्या नोंदींवरून २०१८ मध्ये मांडलेला हिशेब असा: ३० ते ६९ वयात पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनविकाराने २०१५ मध्ये जे मेले, त्यांतले सुमारे १ लाख ९७ हजार मृत्यू १३.८ ते ३० अंशांमधल्या 'मध्यम' थंडीच्या खाती पडतात. कडक थंडीच्या १२ पट, कडक उन्हाच्या ४२ पट. तिशीला थंडी म्हणणे आपल्याला हास्यास्पद वाटते. पण हिशेब मृत्यू सर्वांत कमी असलेल्या तापमानापासून धरलेला आहे, आणि ते ३० च्या आसपास निघते. या मापाने आगरदांड्याची जानेवारीतली प्रत्येक रात्र थंडीतच मोडते.

यंत्रणा सोपी आहे. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे झुकते. उन्हाचा वार दोन-तीन दिवसांत दिसतो, थंडीचा दोन-तीन आठवडे रेंगाळत येतो. म्हणूनच कोणाला तो थंडीचा वाटत नाही. अर्थात हिवाळ्यात सर्दी-फ्लूची साथ असते, शहरांत हवेतला धूरही खाली साचतो, तेव्हा सगळे खापर पाऱ्यावर फोडणे मला धाडसाचे वाटते. पण निम्मे जरी खरे धरले, तरी आकडा उन्हापेक्षा कितीतरी मोठा राहतो.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्याने वर्षाला सरासरी हजाराहून अधिक मृत्यू टळले असा अंदाज आहे. नागपूरने २०१६ मध्ये तीच वाट धरली. पण तिथला इशाऱ्याचा आकडा विदर्भाच्या उन्हावर बेतलेला. तो आकडा उचलून मुरूडला आणला तर घंटा वाजायचीच नाही, कारण इथे दुपारी खारे वारे सुटतात आणि पारा वर चढत नाही. ते उशिरा सुटले, जमिनीकडचे वारेच वाहत राहिले, की फेब्रुवारी-मार्चमध्येच मुंबईसकट किनारा भाजून निघतो. २०२३ च्या उन्हाळ्यात, खारघरनंतर थोड्याच दिवसांत, हवामान खात्याने आर्द्रता धरून काढलेला उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. रायगडासाठी 'उष्ण व दमट' असे इशारेही आता येतात. थंडीसाठी मात्र कोकणात सहसा इशारा येत नाही. सकाळी गार पाण्याने अंघोळ करून बाजाराला निघणाऱ्या आजोबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये, एवढे जानेवारीत आशाताईंकडून घरोघर सांगवता आले तरी सुरुवात होईल, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.