पाटी छापणारे यंत्र कसे सांभाळावे?

गावात लग्न असो, जत्रा असो की नवे दुकान असो, वेशीवर मोठा रंगीत फलक लागतो. पूर्वी पेंटर ब्रशने पाट्या रंगवीत. एकेका पाटीला दोन-दोन दिवस लागत. आता तालुक्याच्या गावी तीच पाटी यंत्रावर तासाभरात छापून मिळते. आपल्यातली पुष्कळ मुले अशा दुकानांत कामाला आहेत. काहींनी कर्ज काढून स्वतःचे यंत्र घेतले आहे. यंत्र बंद पडले, तरी बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून यंत्र सांभाळण्याची रीत नीट समजून घेऊ या.

छापणारे यंत्र

फ्लेक्स म्हणजे धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर. त्याचा रोल यंत्रावर चढवतात. रोल हळूहळू पुढे सरकतो आणि त्याच्यावरून हेड डावीकडे-उजवीकडे धावते. हेडला फार बारीक छिद्रे असतात. त्यांतून शाईचे थेंब उडतात. शाई मुख्यतः चार रंगांची असते. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. या चारांच्या मेळातून बाकीचे रंग दिसतात.

हेड हा यंत्राचा जीव आहे. फ्लेक्सची शाई हवेत लवकर सुकते. फलकावर सुकली तर चांगलेच. पण छिद्रात सुकली की छिद्र बुजते आणि फलकावर रेघा उमटतात. नवे हेड फार महाग पडते. पडून राहिलेला नांगर गंजतो, तसेच याचे आहे. म्हणून काम नसले तरी रोज थोडी छपाई करा. सकाळी आधी चारही रंगांच्या रेघांची चाचणी काढा. एखादी रेघ तुटली असेल, तर हेड साफ करून मगच काम सुरू करा. साफ करायला कंपनीने सांगितलेले द्रावणच वापरा. पाणी लावू नका. टाचणी तर मुळीच घालू नका.

खोलीत धूळ येऊ देऊ नका. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल, तर स्टॅबिलायझर बसवा. अर्थिंग पक्के असू द्या. फ्लेक्सची कड वर उचलली असेल तर ती आधी सपाट करा. नाहीतर धावते हेड तिच्यावर आपटते.

कापणारे यंत्र

दुकानाच्या काचेवर किंवा गाडीवर अक्षरे चिकटवतात, ती व्हिनाईलची. व्हिनाईलच्या खाली कागद असतो. कटरच्या पात्याने फक्त वरचे व्हिनाईल कापायचे, कागद कापायचा नाही. भाकरीचा पापुद्रा काढताना आपण खालची भाकरी फाटू देत नाही, तसेच हे. यासाठी आधी कोपऱ्यात एक लहान चौकोन कापून पाहा. चौकोन सहज सुटला आणि कागदावर पुसट ओरखडा दिसला, म्हणजे पाते बरोबर लागले. कागद फाटला तर पाते थोडे आत घ्या. चौकोन सुटलाच नाही, तर थोडे बाहेर काढा. बोथट पाते बदला.

मराठी अक्षरांत एक अडचण येते. आपल्या अक्षरांवर शिरोरेषा असते. संगणकात शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात. कटर बिचारा प्रत्येक कड कापतो आणि ‘कमल’ या शब्दाचे तीन तुकडे होतात. म्हणून अक्षरांचे आधी कर्व्ह करा आणि मग ‘वेल्ड’ ही आज्ञा देऊन सारा शब्द एकसंध करा. कर्व्ह केल्याने दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरेही फुटत नाहीत.

छापण्याआधी वाचा

१० फूट लांब आणि ४ फूट रुंद फलक म्हणजे ४० चौरस फूट फ्लेक्स. एक वेलांटी चुकली की सारे ४० फूट वाया. म्हणून नावे, तारीख, फोन नंबर मोठ्याने वाचा. गिऱ्हाइकाला दाखवा आणि त्याची सही घ्या. येथे साक्षरतेचा खरा उपयोग आहे.

जिवाला जपा

शाईच्या आणि द्रावणाच्या वाफेने डोके दुखते, डोळे चुरचुरतात. ती पेटही घेते. खिडक्या उघड्या ठेवा. हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. हातमोजे घाला. तोंडाला बांधलेल्या रुमालाने वाफ अडत नाही. यंत्राजवळ विडी-सिगारेट कोणालाच ओढू देऊ नका. उरलेली शाई गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. फ्लेक्सचे तुकडे जाळू नका, त्यांचा धूर विषारी असतो. मोठे तुकडे कडब्यावर झाकायला उपयोगी पडतात.

यंत्र कामाने थोडेच झिजते. ते जास्त बिघडते आळसाने आणि घाईने. रोज सकाळची दहा मिनिटे त्याला द्या. मग हप्ताही वेळेवर जाईल आणि गिऱ्हाईकही परत येईल.

सांगा पाहू

१. काम नसले तरी यंत्र रोज का चालवावे?
२. पाते बरोबर लागले हे कशावरून ओळखावे?
३. तुमच्या गावातल्या एखाद्या फलकावर चूक दिसते का? ती कोणती?